एकोणीस दिवसांची चूक

१४ जुलै

ती. नाना,

तुम्ही म्हणालात की फोनवर माणूस 'बरं आहे' म्हणतो आणि ठेवून देतो, म्हणून दर महिन्याला लेखी कळवायचं. हे पहिलं. पत्राच्या सुरुवातीला काय काय लिहितात ते शाळेत शिकवलं होतं, आता आठवत नाही. ते सगळं लिहिलं आहे असं समजा.

गोटी आणि मी दोन तारखेला इथे पोचलो. कॉलेजच्या मागे तीन मजली इमारत आहे. मूल एकट्याने सांभाळणाऱ्या विद्यार्थ्यांना तिथे खोल्या देतात. आमची दुसऱ्या मजल्यावर आहे. एक खोली, ओटा, न्हाणीघर. खिडकीतून सायकलींचं शेड दिसतं. गोटी सायकली मोजते. चौदापर्यंत येतं, मग पुन्हा एकपासून सुरू करते. त्यामुळे सायकली किती आहेत ते अजून कळलेलं नाही.

खाली पाळणाघर आहे, संध्याकाळी सातपर्यंत. एकट्या पालकांसाठी वेगळा कक्ष आहे. तिथल्या समन्वयक बाईंना दर सोमवारी भेटावं लागतं. हजेरी, अभ्यास, मूल जेवतं का, मी जेवतो का, असं सगळं विचारतात आणि लिहून घेतात. फी, खोली आणि पाळणाघर या कक्षाकडून आहे. अट एवढीच की हजेरी पूर्ण पाहिजे आणि अर्जात दिलेली माहिती खरी पाहिजे.

वर्गात मी सगळ्यांत मोठा. पहिल्या दिवशी आत गेलो तर मुलं उभी राहिली. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो तेव्हा ती बसली. गोटीने पाळणाघरात सांगून टाकलं आहे की माझे बाबा पहिलीत आहेत. मी पहिल्या वर्षाला आहे, तेव्हा दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

ती गेल्याला आज बावन्न दिवस झाले.

तुमचा जावई


२१ जुलै

जावईबापू,

पत्र मिळाले. तारीख होती, वार नव्हता. पुढच्या वेळी वार लिहावा.

पत्रात गोटीचे वजन नाही. मूल नीट खाते की नाही हे मुलाला किंवा बापाला विचारून कळत नाही, वजनावरून कळते. दर महिन्याला एकाच दिवशी, एकाच काट्यावर, चपला काढून वजन करावे आणि कळवावे. किलो आणि ग्रॅम दोन्ही लिहावे. काटा कोणाचा आहे तेही लिहावे.

इकडे नवीन काही नाही. वरची खोली रिकामी आहे. तिचे अभ्यासाचे टेबल तिथेच आहे. शाळा चालत सहा मिनिटांवर आहे. तुम्हाला अभ्यास आणि मूल दोन्ही जमेनासे झाले तर गोटीला इकडे ठेवता येईल. हे केवळ माहितीसाठी.

नाना


बुधवार, १० सप्टेंबर

ती. नाना,

गोटीचं वजन १६ किलो ४०० ग्रॅम. चपला काढून. काटा पाळणाघराचा.

पहिल्या चाचणीचा निकाल लागला. इलेक्ट्रॉनिक्समध्ये चाळीसपैकी अकरा. गणितात चौदा. समन्वयक बाईंनी कागद बघितला, रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, शेवटची परीक्षा कधी दिली होती? मी म्हटलं, तेरा वर्षांपूर्वी. त्या म्हणाल्या, मग अकरा वाईट नाहीत. आणि त्याच दिवशी शेजारच्या खोलीतल्या बाईंकडे माझी शिकवणी लावून दिली.

या शेजारच्या बाई आधी शिवणकाम करायच्या. दोन मुलगे आहेत, नवरा सोडून गेला. आता हिशेबनिसाच्या शेवटच्या वर्षाला आहेत. मुलं एकत्र खेळतात, आम्ही ओट्याशी बसतो. काल मी एकाच गणिताकडे बराच वेळ बघत होतो, तर म्हणाल्या, "व्हॅनवाले, तुम्ही गणित सोडवताय की त्याची समजूत काढताय?" त्यांची शिकवण्याची पद्धत अशी आहे. पण कळतं.

तुम्ही मागे विचारलं होतं की व्हॅन चालवणाऱ्या माणसाला दवाखान्यातल्या यंत्रांची दुरुस्ती कशी सुचली. मला नाही सुचली. ती वॉर्डात होती तेव्हा सलाईनचा पंप सारखा वाजायचा. मग एक माणूस पेटी घेऊन यायचा, मागचं झाकण काढायचा, दहा मिनिटांत पंप गप्प. मी बघत बसायचो. ती एकदा म्हणाली, "तू त्याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त बघतोस." नंतर तिने त्या माणसाला बोलावून तो काय शिकला, कुठे शिकला, पगार किती, सगळं विचारून घेतलं. पगार विचारू नये असं मी म्हटलं. तो न लाजता सांगून गेला.

अर्जही तिनेच मागवला असणार. मे महिन्यात एके दिवशी तिने कागदांचा गठ्ठा पुढे केला आणि म्हणाली, इथे इथे सह्या कर. बँकेचे, विम्याचे, घरभाड्याचे. अकरा सह्या होत्या. मी वाचलं नाही. जूनमध्ये प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा कळलं की त्यातला एक कॉलेजचा होता.

तुमचा जावई


गुरुवार, १८ सप्टेंबर

जावईबापू,

वजन ठीक आहे. पाळणाघराचा काटा शेवटचा कधी तपासला ते विचारावे. काट्याच्या मागच्या बाजूस शिक्का आणि वर्ष असते.

अकरा गुणांविषयी. मी वजनमापे खात्यात चौतीस वर्षे निरीक्षक होतो. चूक नसलेला काटा मी पाहिला नाही. काटा किती चुकतो हे माहीत असले आणि लिहून ठेवलेले असले तर तो काटा कामाचा असतो. चूक लपवलेली असली तर दुकान बंद करावे लागते. तुम्ही अकरा लिहिलेत हे बरे केले.

गोटीची आजी गेली तेव्हा तुमची बायको सहा वर्षांची होती. तेव्हा असा कक्ष वगैरे नव्हता. शाळा सुटली की मी तिला बरोबर घेऊन बाजारात तपासणीला जात असे. ती वजनांच्या पेटीवर बसून गृहपाठ करायची. दुकानदार तिला खाऊ देऊ करायचे. तिने घेतला तर ती लाच ठरेल असे मी सांगितले होते. म्हणून ती 'नको, मी सरकारी आहे' असे सांगायची. नऊ वर्षांची असताना तिने माझा बदलीविरुद्धचा अर्ज लिहिला. शेवटच्या तारखेच्या तेरा दिवस आधी. पुढे नोकरीही पाणी खात्यात, अर्ज घेण्याच्या खिडकीवर. शेवटच्या दिवशी अर्ज घेऊन येणाऱ्या माणसांचा तिला राग येत असे.

वरच्या खोलीला रंग दिला. गच्चीच्या दारासाठी आणलेला उरला होता.

नाना


शनिवार, १५ नोव्हेंबर

ती. नाना,

सर्व ठीक. गोटीचं वजन १६ किलो ७०० ग्रॅम.

अभ्यास चालू आहे. इलेक्ट्रॉनिक्समध्ये चाळीसपैकी सव्वीस मिळाले.

एक विचारायचं होतं. जानेवारीपासून गोटी काही महिने तुमच्याकडे राहिली तर चालेल का? खोली तयार आहे असं तुम्ही लिहिलं होतं. घाई नाही, पण डिसेंबरच्या आत कळवा.

तुमचा जावई


शनिवार, २२ नोव्हेंबर

जावईबापू,

ऑक्टोबरच्या पत्रात गोटीचे वजन १६ किलो ७०० ग्रॅम होते. नोव्हेंबरच्या पत्रातही तेच आहे. चार वर्षांचे मूल महिन्याभरात एक ग्रॅमही वाढले नाही, किंवा तुम्ही वजन केले नाही. दुसरे खरे असावे. म्हणजे 'सर्व ठीक' हेही तपासायला हवे.

ते तपासावे लागले नाही. तुमचे पत्र सकाळी आले. ते वाचून मला आनंद झाला, हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मी लपवले असे होणार नाही. मी लगेच जाऊन लहान खुर्ची पाहून आलो आणि विकतही घेतली. परत आलो तर तुमच्या कॉलेजचे पत्र दारात होते. पाच महिन्यांत प्रथमच मला एका दिवशी दोन पत्रे आली.

कॉलेज लिहिते की वार्षिक तपासणीत तुमच्या अर्जात विसंगती आढळली. अर्ज चार मे रोजीचा आहे. त्यात 'वैवाहिक स्थिती' या रकान्यात 'विधुर' असे आहे. प्रवेशाच्या वेळी जोडलेल्या दाखल्यावर पत्नीच्या मृत्यूची तारीख तेवीस मे आहे. अर्जावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. ही सही माझीच आहे का, आणि सही करताना मजकूर असत्य असल्याचे मला माहीत होते का, हे दहा डिसेंबरपर्यंत लेखी कळवावे. न कळवल्यास अर्जदाराच्या जबाबावरून निर्णय घेण्यात येईल. तो जबाब काय आहे हे त्यांनी लिहिलेले नाही.

हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवे होते. चार मेच्या दुपारी तुम्ही औषधे आणायला खाली गेला होतात. तिने पलंगावर बसून अर्ज भरला. पाठीमागची उशी मी धरली होती. त्या रकान्यात तिने 'विधुर' लिहिले. मी म्हणालो, हे खरे नाही. ती म्हणाली, "नाना, अर्जाची शेवटची तारीख दहा आहे. माझी नक्की नाही."

ते बरोबर होते. दहा मे टळली असती तर तुमचे एक वर्ष गेले असते, आणि एक वर्ष व्हॅन चालवल्यावर तुम्ही कॉलेजात गेला नसता हे तिला माहीत होते. मी मजकूर पूर्ण वाचला आणि सही केली. पेन तिचे होते.

त्या अर्जाच्या पुस्तिकेत मागे आणखी एक पान होते. ते तिने फाडून माझ्याकडे ठेवायला दिले. ते माझ्याकडे आहे. या प्रकरणाशी त्याचा संबंध नाही.

आता दोन गोष्टी. पहिली, तुम्ही कॉलेजला काय जबाब दिला? दुसरी, मी उत्तर दिले नाही तर तुमचा अर्ज रद्द होतो, खोली आणि पाळणाघर जाते, तुम्ही व्हॅनवर जाता आणि गोटी इकडे येते. हे मला कळते, हेही तुम्हाला माहीत असावे.

नाना


शुक्रवार, २८ नोव्हेंबर

ती. नाना,

वजन केलं नव्हतं. ऑक्टोबरचंच लिहिलं. चूक झाली.

सहा नोव्हेंबरला तपासणीवाल्यांनी मला बोलावलं. टेबलावर अर्ज ठेवला. तो मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितला. तिचं अक्षर लगेच ओळखलं, कारण 'र' ती तसाच काढायची. त्यांनी विचारलं, हे कोणी भरलं? मी म्हटलं, मी. त्यांनी विचारलं, बायको जिवंत असताना? मी म्हटलं, हो. ते काही वेळ माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं, माणूस म्हणून मी त्यांना आवडलो नाही.

खरं सांगायचं तर मी विचार केला नव्हता. एवढंच वाटलं की ती खोटं बोलली असं कुठल्या कागदावर राहू नये. तिने आयुष्यभर लोकांचे अर्ज तपासले. आता कोणीतरी तिचा तपासून लाल शाईने गोल करणार, ते मला बघायचं नव्हतं.

समन्वयक बाईंनी नंतर माझी उत्तरपत्रिका आणि अर्ज शेजारी शेजारी ठेवले. म्हणाल्या, "हे अक्षर तुमचं असेल तर तुम्हाला सगळे गुण अक्षरावर द्यायला हवे होते." त्या म्हणाल्या, हजेरी पूर्ण आहे, अकराचे सव्वीस झाले आहेत, असा विद्यार्थी मी हातचा जाऊ देणार नाही, पण मला काहीतरी द्या. मी काही दिलं नाही. शेजारच्या शिवणवाल्या बाईंना पाळणाघरातून कळलंच. त्या म्हणाल्या, "गेलेल्या माणसाची अब्रू राखायला जिवंत पोरीची खोली घालवताय. चांगलं गणित आहे." मग दोन दिवस शिकवायला आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या.

व्हॅनच्या मालकाशी बोललो आहे. जानेवारीपासून घेतो म्हणाला. चौदा तासांची पाळी आहे, म्हणून गोटीचं विचारलं.

नाना, तुमची सही तिथे आहे हे त्यांनी दाखवेपर्यंत मला माहीत नव्हतं. तुम्ही एवढंच लिहा की सही माझी आहे, मजकूर वाचला नव्हता. सगळे तसंच करतात, मीही अकरा ठिकाणी केलं. म्हणजे तुमच्यावर काही येणार नाही. तिच्यावरही नाही.

वजन आज केलं. १६ किलो ९५० ग्रॅम. काट्याच्या मागे शिक्का आहे, या वर्षाचा.

तुमचा जावई


मंगळवार, २ डिसेंबर

जावईबापू,

मी न वाचता सही करतो असे लिहून दिले तर चौतीस वर्षांत मी ज्या ज्या वजनांवर शिक्का मारला ती सर्व संशयित ठरतात. त्यांतली काही अजून वापरात आहेत. तेव्हा ते जमणार नाही.

तिच्याविषयी तुम्हाला वाटले ते मला समजले. मलाही वाटले होते, म्हणून तर मी साडेसहा महिने बोललो नाही. पण कागदावर खोटे तिने एकट्याने लिहिलेले नाही. खाली माझी सही आहे. आणि ते खोटे तुमच्या नावावर गेलेले तिला चालले नसते. तिने एवढी खटपट तुम्हाला परत व्हॅनवर पाठवण्यासाठी केलेली नाही.

आज कॉलेजला खालील निवेदन पाठवले. प्रत तुमच्यासाठी.

'मी अर्जदाराचा सासरा. अर्जावरील सही माझी आहे. अर्ज माझ्या मुलीने, म्हणजे अर्जदाराच्या पत्नीने, माझ्यासमोर स्वतःच्या हाताने भरला. तेव्हा ती जिवंत होती, त्यामुळे "विधुर" हा मजकूर असत्य होता. तो एकोणीस दिवसांनी सत्य झाला. चूक एकोणीस दिवसांची आहे. ती मला सही करताना माहीत होती. अर्जदाराला माहीत नव्हती. त्याने आपणाकडे वेगळा जबाब दिला आहे, तो पत्नीचे नाव राखण्यासाठी दिला आहे आणि तो चुकीचा आहे.

'मी वजनमापे खात्यातून निवृत्त झालो. आमच्याकडे वजन कमी भरले तर ते फेकून देत नसत. लोखंडी वजनाच्या पोटात एक भोक असते. त्यात लागेल तेवढे शिसे घालून वजन पुरे करत, नोंद करत आणि पुन्हा शिक्का मारत. वजन वाया घालवण्यात कोणाचा फायदा नव्हता.

'अर्जदाराला काढून टाकल्यास त्याची मुलगी माझ्याकडे राहायला येईल. मला ती हवी आहे. हे निवेदन माझ्या हिताविरुद्ध आहे हे लक्षात घेऊन त्यावर विश्वास ठेवावा.'

त्यांनी बोलावल्यास मी येईन.

नाना


शुक्रवार, १२ डिसेंबर

ती. नाना,

काल समितीची बैठक झाली. पाच माणसं आणि मी. तुमचं निवेदन समन्वयक बाईंनी मोठ्याने वाचलं. मग तपासणीवाल्यांनी विचारलं, वजनात खरंच शिसं घालतात का? अध्यक्ष म्हणाले, तो मुद्दा नाही. ते म्हणाले, मुद्दा नाही, पण घालतात का? मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, नानांनी लिहिलं आहे म्हणजे घालतात.

अध्यक्षांनी मला विचारलं, तुम्ही खोटा जबाब का दिलात? मी म्हटलं, त्या दिवशी मला तोच खरा वाटला. त्यांनी हे लिहून घेऊ नका असं सांगितलं.

बाई फार बोलल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "मरायला टेकलेली बाई नवऱ्याचा अर्ज मुदतीत भरते, आणि आपण तो मुदतीच्या आधी भरला म्हणून परत करणार आहोत का?"

निर्णय असा. जुना अर्ज रद्द. या सत्रात दिलेलं काही परत घेणार नाहीत. दहा दिवसांत मी स्वतःच्या अक्षरात नवा अर्ज भरून द्यायचा. तो नीट असेल तर खोली, पाळणाघर आणि फी पुढे चालू. शिवाय शिक्षा म्हणून 'अर्ज कसा भरावा' या विषयावर एक तासाच्या मार्गदर्शनाला बसायचं. ते आज झालं. बसणारा मी एकटा, शिकवणाऱ्या बाई एकट्या. अर्ध्या तासात संपलं, उरलेल्या वेळात त्यांनी चहा दिला.

व्हॅनच्या मालकाला नाही म्हणून कळवलं. गोटीलाही सांगायचं होतं, पण जाण्याचं मी तिला सांगितलंच नव्हतं, त्यामुळे न जाण्याचंही सांगावं लागलं नाही. तुम्ही खुर्ची घेतलीत, त्याचं मला वाईट वाटतं.

नवा अर्ज सोबत आहे. साक्षीदार लागतो. कोणीही चालेल म्हणाले. मी तुम्हाला पाठवतो आहे. सगळं मी भरलं आहे, चार वेळा वाचलं आहे. सातव्या रकान्यात 'जोडीदाराच्या मृत्यूचा दिनांक' आहे. तो रकाना भरायला वेळ लागला. ती तारीख मी आजपर्यंत कुठे स्वतःच्या हाताने लिहिली नव्हती. दवाखान्यात, नगरपालिकेत, बँकेत, सगळीकडे तुम्हीच लिहिलीत. हे मला पेन हातात घेतल्यावर लक्षात आलं.

वजन १७ किलो ५० ग्रॅम.

तुमचा जावई


बुधवार, १७ डिसेंबर

जावईबापू,

अर्ज पूर्ण वाचला. सातव्या रकान्यातील तारीख तपासली. बरोबर आहे. सही केली आहे.

मुदतीत पोचेल अशा बेताने टपालात टाकणार होतो, पण स्वतः घेऊन येणे जास्त खात्रीचे वाटते. म्हणून हे पत्र आणि मी एकाच वेळी पोचू. पत्र तरीही लिहिले, कारण महिन्याची नोंद राहायला हवी.

खुर्ची परत केलेली नाही. बरोबर आणतो आहे. वजन ३ किलो २०० ग्रॅम.

नाना


मंगळवार, ८ जून

ती. नाना,

एप्रिलच्या पत्रात दुसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचं लिहिलं होतं, मेच्या पत्रात निकालाचं. पण मुख्य गोष्ट या पत्रासाठी ठेवली होती, पक्की झाल्याशिवाय लिहायची नव्हती.

नोकरी लागली. दवाखान्यांची यंत्रं पुरवणारी आणि सांभाळणारी कंपनी आहे. एक जूनला रुजू झालो. शेवटचे सहा महिने मी तिथेच उमेदवारी केली होती, तरी मुलाखत घेतली. कक्षातल्या बाईंनी आधी माझ्याकडून चार वेळा मुलाखतीची तयारी करून घेतली. चौथ्या वेळी म्हणाल्या, "आता थोडं कमी खरं बोला. अकरा गुणांचं कोणी विचारलेलं नाही." तरी मुलाखतीत मी ते सांगितलं. त्यांनी विचारलं, मग पुढे काय केलंत? ते सांगण्यातच मुलाखत संपली.

पगार व्हॅनच्या तिप्पट आहे. दोनदा वाचून खात्री केली. वेळ नऊ ते साडेपाच. शाळेजवळ दोन खोल्या बघितल्या आहेत, महिनाअखेर इथली खोली सोडायची आहे. आमच्या जागी एक बाई आणि तिची जुळी मुलं येणार आहेत. शिवणवाल्या बाई आता एका मोठ्या दुकानाच्या हिशेबखात्यात आहेत. परवा भेटल्या, म्हणाल्या, "व्हॅनवाले, आता तुम्हाला काय म्हणायचं?" मी म्हटलं, तेच म्हणा.

गोटी जूनपासून पहिलीत जाते. ती सगळ्यांना सांगते की बाबा पास झाले, म्हणून आता माझा नंबर आला.

पहिल्या आठवड्यात माझ्याकडे बाळंतिणींच्या वॉर्डातले काटे आले. जन्मलेल्या मुलांचं वजन करतात ते. त्यातले दोन चुकत होते. दुरुस्त केले, किती चुकत होते ते लिहिलं आणि वर चिठ्ठी लावून सही केली. करताना तुमची आठवण झाली. मोठ्या काट्यावर गोटीला उभं केलं. २० किलो १४० ग्रॅम, वीस ग्रॅम इकडे तिकडे. काटा मी स्वतः तपासलेला आहे.

तुमचा जावई


सोमवार, १४ जून

जावईबापू,

वजन मिळाले. वीस ग्रॅमची चूक सोबत लिहिली आहे हे पाहिले. असे वजन मला आजवर कोणी कळवले नव्हते.

त्या पुस्तिकेतील फाडलेले पान माझ्याकडे आहे असे मी मागे लिहिले होते. ते सोबत पाठवत आहे. कक्षाकडून मिळणारी मदत बंद करण्याच्या विनंतीचा तो नमुना आहे. विद्यार्थ्याला मदतीची गरज उरली नाही की तो भरून द्यायचा असतो. तिने तो त्याच दुपारी, पहिला अर्ज भरून झाल्यावर भरला. 'कारण' या रकान्यात 'नोकरी लागली, पगार चांगला आहे' असे तिच्या अक्षरात आहे. खाली तुमची सही आहे. तुम्ही मोजलेल्या अकरा सह्यांपैकी ती एक असावी.

तारखेची जागा तिने रिकामी ठेवली. मी कारण विचारले. ती म्हणाली, "एवढं मला कसं माहीत असणार?" मग थकली आणि झोपली. तोवर तुम्ही औषधे घेऊन आलात.

लिहिले तेव्हा हेही असत्य होते. ते सातशे अठ्ठावन्न दिवसांनी, एक जूनला सत्य झाले. जुना अर्ज रद्द झाला असल्याने हे पान चालेल का ते तुमच्या बाईंना विचारावे. चालले नाही तर नवे भरावे आणि हे मला परत पाठवावे.

साक्षीदाराची जागाही रिकामी होती. आज पूर्ण वाचून तिथे सही केली. या वेळी काही हरकत घ्यावी लागली नाही.

तारीख तुम्ही भरा.

नाना